भूमीचे मोल आणि खरेदीखतातील सत्य

गावाच्या शिवारातून महामार्ग जाणार, ही वार्ता प्रथम कुजबुजीने येते, मग वर्तमानपत्रातील अधिसूचनेने आणि अखेरीस चावडीवर लागलेल्या नोटिशीने. संयुक्त मोजणीसाठी अधिकारी येतात, बांधांवर चुन्याच्या रेघा पडतात आणि ज्या जमिनीकडे तीन पिढ्यांनी केवळ पेरणी-कापणीच्या दृष्टीने पाहिले, तिच्याकडे प्रथमच रुपयांच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागते. पारावर चर्चा रंगते. कोणी एकरी पन्नास लाख म्हणतो, कोणी कोटीच्या खाली यायला तयार नसतो. काही महिन्यांनी निवाडा हाती पडतो आणि त्यातील आकडा पाहून गाव अवाक् होते. ‘सरकारने लुबाडले’ हा पहिला उद्गार असतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु निवाड्यात आधारासाठी घेतलेली खरेदीखतांची यादी कोणी शांतपणे वाचली, तर तीत गावातल्याच माणसांची नावे आणि त्यांनीच लिहून दिलेले आकडे आढळतात. अधिकाऱ्याने जमिनीचा भाव ठरवण्यापूर्वी तो भाव गावानेच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, सही-अंगठा करून ठरवून दिलेला असतो.

स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन हा तज्ज्ञांचा विषय आहे, सामान्य माणसाला त्यात काय कळणार, असा एक समज समाजात रूढ आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी चार दुकाने फिरणारा गृहस्थ आयुष्याची सर्व पुंजी ज्या घरात वा जमिनीत गुंतलेली असते, तिचे मोल मात्र दलालाच्या तोंडचे, बँकेच्या कागदावरचे किंवा सरकारच्या निवाड्यातले निमूटपणे मान्य करतो. वास्तविक या शास्त्राची मूलतत्त्वे बाजारहाट करणाऱ्या कोणालाही समजतील इतकी साधी आहेत. ती न समजल्याची किंमत मोजावी लागते, ती मात्र साधी नसते.

किंमत, खर्च आणि मूल्य

प्रथम तीन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. एखाद्या व्यवहारात प्रत्यक्ष दिली गेलेली रक्कम म्हणजे किंमत. वस्तू उभी करण्यास लागलेला पैसा म्हणजे खर्च. आणि मूल्य म्हणजे त्या वस्तूला खुल्या बाजारात साधारणपणे जे येईल, त्याविषयीचा पुराव्यावर आधारलेला अंदाज. मुलीच्या लग्नासाठी घाईने विकलेल्या शेताची किंमत कमी येते. शेजारच्या बांधाला लागून असलेला तुकडा हवाच म्हणून हट्टाने घेणारा जास्त मोजतो. वडिलांनी हौसेने बांधलेल्या वाड्यावर चाळीस लाख खर्च झाले, म्हणून तो चाळीस लाखांना जाईलच असे नाही. मूल्यांकन करणारा या सर्व विशेष परिस्थिती बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो : विकणाऱ्यावर विकण्याची सक्ती नाही, घेणाऱ्यावर घेण्याची सक्ती नाही, दोघांनाही जमिनीचे गुणदोष ठाऊक आहेत आणि सौद्यासाठी पुरेसा अवधी आहे, अशा स्थितीत त्यांचे कोणत्या आकड्यावर एकमत होईल?

ही कल्पना पाश्चात्त्य अर्थशास्त्राची देणगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रीचे नियम आलेले आहेत. घर वा शेत विकायचे झाल्यास प्रथम आप्त, मग शेजारी, मग धनको असा खरेदीचा क्रम त्यात सांगितला आहे. विक्रीची घोषणा शेजारच्या चाळीस कुळांच्या प्रतिनिधींसमोर, मालमत्तेच्या सीमा आणि भाव स्पष्ट सांगून, तीन वेळा करायची आणि कोणी हरकत घेतली नाही तरच सौदा पक्का व्हायचा. चढाओढीने भाव वाढला, तर ती वाढ शुल्कासह राजकोशात जमा करण्याची तरतूदही तिथे आहे. तपशील त्या काळाचे आहेत. परंतु त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. जमिनीचा भाव चारचौघांसमक्ष, उघडपणे, सर्वांना ऐकू जाईल असा बोलला गेला, तरच तो खरा भाव. बंद दाराआड ठरलेला आणि कागदावर वेगळाच लिहिलेला आकडा हा भाव नव्हे.

मूल्य काढण्याच्या तीन वाटा

मूल्य काढण्याच्या प्रमुख वाटा तीन. पहिली तुलनेची. शेजारच्या, तशाच प्रकारच्या जमिनी नजीकच्या काळात काय भावाने विकल्या गेल्या ते पाहायचे आणि दोहोंतील फरकांप्रमाणे त्या भावात अधिक-उणे करायचे. दुसरी उत्पन्नाची. गावच्या पेठेतील एखादा गाळा महिना २०,००० रुपये भाड्याने जातो. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. त्यातून कर, दुरुस्ती, रिकाम्या काळातील तूट असे ४० हजार वजा केले, की निव्वळ उत्पन्न २ लाख उरते. अशा मालमत्तेवर गुंतवणूकदाराला शेकडा ८ परतावा पुरेसा वाटत असेल, तर गाळ्याचे मूल्य २५ लाख. तोच परतावा शेकडा १० अपेक्षित असेल, तर २० लाख. परताव्याच्या दरात २ टक्क्यांचा फरक पडताच मूल्यात ५ लाखांचा फरक पडतो. म्हणूनच कोणत्याही मूल्यांकन अहवालात ‘हा दर कोठून आणला?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाने सोडता कामा नये.

तिसरी वाट खर्चाची. जमिनीचे मूल्य वेगळे काढायचे, त्यावरील इमारत आज बांधायला काय लागेल ते पाहायचे आणि तिच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. एखादे घर आज बांधण्यास २० लाख लागतील, त्याचे आयुष्य ६० वर्षे धरले, ३० वर्षे सरली आहेत आणि अखेरीस भंगाराचे १० टक्के येतील असे मानले, तर घसारा ४५ टक्के, म्हणजे ९ लाख होतो आणि घराचे आजचे मूल्य ११ लाख येते. लोकांना कोडे पडते, ‘घर जुने झाले तरी भाव कसा वाढतो?’ उत्तर याच हिशेबात आहे. भिंती झिजतात, त्यांचे मूल्य घटते. वाढते ते त्यांच्याखालच्या भूमीचे.

शेतजमिनीच्या बाबतीत तुलनेची वाट मुख्य मानली जाते आणि फळबागेसाठी उत्पन्नाची वाटही घेतली जाते. मात्र उत्पन्नावरून बागेचे मूल्य काढले, तर त्याच झाडांच्या फळांची किंमत पुन्हा वेगळी मागता येत नाही. एकच गोष्ट दोनदा मोजायची नाही, हा या शास्त्राचा नियम आहे.

आकड्यापूर्वीचे प्रश्न

मूल्याचा आकडा विचारण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न : कोणत्या हक्काचे मूल्य? मूल्य मातीला नसते, मातीवरील हक्काला असते. सातबारावर भोगवटादार वर्ग १ अशी नोंद असलेली जमीन मालक मुक्तपणे विकू शकतो. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असतात, परवानगी घ्यावी लागते, नजराणा भरावा लागतो. दोन्ही शेते शेजारी असली आणि माती एकच असली, तरी बाजार त्यांना एकच भाव देत नाही. कूळहक्क, न झालेल्या वाटण्या, सामाईक विहिरीचा वाद, रस्त्याचा अडसर हे सारे मूल्य खाणारे घटक आहेत.

दुसरा प्रश्न : कोणत्या तारखेचे मूल्य? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेचा दिवस मूल्य ठरवण्यासाठी धरला जातो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली कलम ३-अ च्या अधिसूचनेची तारीख महत्त्वाची असते. अधिसूचना निघाल्यावर ‘आता भाव वाढला आहे’ म्हणून नोंदवलेली चढ्या भावाची खरेदीखते त्यामुळे उपयोगी पडत नाहीत. उलट त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते.

तिसरा प्रश्न : कोणता उपयोग धरून? आज ज्वारी पिकते म्हणून जमीन ज्वारीच्याच भावाची, असे नाही. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे विशाखापट्टणमच्या बंदराजवळील एका जमिनीचा वाद गेला होता. तीत गोड्या पाण्याचा झरा होता आणि तो घेणारे गिऱ्हाईक व्यवहारात एकच होते : बंदराचे प्रशासन, ज्याच्यासाठी सरकार ती जमीन घेत होते. गिऱ्हाईक एकच आहे एवढ्यासाठी जमिनीच्या अंगच्या संभाव्यतेचे मोल शून्य ठरत नाही, असे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. शहराच्या वेशीवर आलेल्या, रस्ता-वीज-पाणी जवळ असलेल्या शेतजमिनीच्या बाबतीत भारतीय न्यायालये आजवर हे तत्त्व वापरीत आली आहेत. संभाव्यता ही कल्पना नव्हे. आसपास झालेले बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकने, सुरू झालेले उद्योग हे तिचे पुरावे होत.

चौथा प्रश्न : तुलना कशाशी? या संदर्भात पुण्याच्या विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांविरुद्धच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल प्रत्येक जमीनधारकाने समजून घ्यावा असा आहे. लहान आकार, रस्त्याला लागून असणे, दर्शनी बाजू रुंद असणे, विकसित वस्तीची जवळीक, नियमित आकार आणि शेजारच्या मालकाला असलेली विशेष गरज हे मूल्य वाढवणारे घटक त्यात सांगितले आहेत. मोठे क्षेत्र, आतल्या बाजूला असणे, अरुंद पट्टी, भराव घालावा लागेल असा सखलपणा आणि वस्तीपासूनचे अंतर हे मूल्य घटवणारे घटक. गुंठ्यांत विकलेल्या भूखंडाचा भाव जसाच्या तसा दहा एकरांना लावता येत नाही. मोठ्या क्षेत्रात रस्ते सोडावे लागतात, मोकळी जागा ठेवावी लागते, गिऱ्हाइकांची वाट पाहावी लागते. त्यापोटी साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी, असे न्यायालयाने म्हटले आहे. ‘रस्त्याकडेचा गुंठा पाच लाखांना गेला, म्हणजे माझा एकर दोन कोटींचा’ हा पारावरचा हिशेब न्यायालयात का टिकत नाही, याचे उत्तर इथे मिळते.

याच निकालातील आणखी एक सूत्र अधिक मोलाचे आहे. निवाडा हा सरकारने देऊ केलेला भाव असतो. तो अपुरा आहे हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. भावना कितीही खरी असली, तरी न्यायालय कागद मागते. आणि हा कागद कोठून येतो? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून.

असत्याचा चौपट दंड

२०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम २६ प्रमाणे, मुद्रांक कायद्याखाली ठरलेला दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी यांत जी रक्कम जास्त असेल, ती मूल्य म्हणून धरायची. खासगी कंपनीसाठी वा सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पात संमतीने ठरलेली रक्कमही या तुलनेत येते. सरासरी काढताना मागील तीन वर्षांची खरेदीखते घ्यायची आणि त्यांतील सर्वांत जास्त भावाची निम्मी तेवढी विचारात घ्यायची. येणाऱ्या मूल्याला ग्रामीण भागात राज्य शासनाने ठरवलेल्या १ ते २ या गुणकाने गुणायचे. त्यात विहीर, झाडे, घर, पाइपलाइन यांचे मूल्य मिळवायचे. आणि होणाऱ्या एकूण रकमेइतकीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम वर द्यायची. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही दिलासा रक्कम १९८४ च्या दुरुस्तीनंतरही ३० टक्केच होती. नवा कायदा जमीनधारकाला किती अनुकूल आहे, हे यावरून दिसते. परंतु हा सारा डोलारा ज्या पायावर उभा आहे, तो पाया म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांतील आकडा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात तीन वर्षांत आठ खरेदीखते झाली. प्रत्यक्षात व्यवहार झाले ते एकरी २४, २२, २२, २०, २०, २०, १८ आणि १८ लाखांना. त्या गावचा सरकारी तक्त्यातील दर, ज्याला लोक ‘रेडी रेकनर’ म्हणतात, एकरी १० लाख आहे. मुद्रांक शुल्क वाचवावे आणि हिशेबाबाहेरचा पैसा मार्गी लागावा, म्हणून सहा खरेदीखतांत १० ते १२ लाख एवढाच आकडा लिहिला गेला; उरलेली रक्कम रोख हाती पडली. बँकेचे कर्ज घेणाऱ्या केवळ दोघांनी खरा आकडा लिहिला : २२ आणि २० लाख. आता अधिकाऱ्यापुढील यादीत वरची चार खरेदीखते येतात २२, २०, १२ आणि १० लाखांची. सरासरी १६ लाख. सर्वांनी खरे लिहिले असते, तर वरची चार असती २४, २२, २२ आणि २०. सरासरी २२ लाख. फरक सहा लाखांचा दिसतो, परंतु गुणक २ असेल तर तो १२ लाख होतो आणि शंभर टक्के दिलासा रकमेनंतर २४ लाख. एकराचा मोबदला ८८ लाखांऐवजी ६४ लाखांवर येतो.

मुद्रांक शुल्क ढोबळपणे शेकडा ५ धरले, तर २२ लाखांऐवजी १० लाख लिहिणाऱ्याने वाचवले ६० हजार रुपये. ते वाचले घेणाऱ्याचे आणि २४ लाखांचा फटका बसला तो ज्याने एक गुंठाही विकला नव्हता, अशा शेजाऱ्याला. मूल्यांकनातील सर्वांत मोठा धडा हाच आहे. खरेदीखतातील आकडा हा दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार नसतो. तो साऱ्या शिवाराविषयी दिलेली साक्ष असते. खोटी साक्ष देणारा स्वतः सुटतो आणि गाव शिक्षा भोगते. काळ्या पैशाविरुद्ध दिल्लीत काय केले जाते, यावर चर्चा करणाऱ्या समाजाने आपल्या तालुक्याच्या निबंधक कार्यालयात काय घडते, याकडेही पाहावयास हवे. राष्ट्रीय चारित्र्य म्हणतात ते अशाच ठिकाणी कसाला लागते.

शासनही उत्तरदायी

याचा अर्थ सारा दोष जनतेचा, असा नव्हे. सरकारी दरतक्ता शासन स्वतः तयार करते, त्या दराने मुद्रांक शुल्क वसूल करते आणि भूसंपादनात त्याच शासनाचे अधिकारी मूल्यही ठरवतात. जो भाव ठरवतो तोच घेणारा असेल, तर त्याने स्वतःवर अधिक कठोर बंधने घालून घेणे हा राजधर्म आहे. दरतक्ता गावनिहाय व गटनिहाय बारकाईने अद्ययावत न ठेवता सरसकट टक्केवारीने वाढवणे वा जैसे थे ठेवणे, बागायत जमिनीची जिरायत म्हणून नोंद राहणे, महामार्गाने शेताचे दोन तुकडे केल्यावर उरलेल्या भागाचे जे नुकसान होते त्याचा विचार निवाड्यात वरवर करणे, या तक्रारी काल्पनिक नाहीत. खरेदीखतांतील अवाजवी आकडे वगळण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. तो केवळ चढे आकडे वगळण्यासाठीच वापरला गेला, तर न्यायाचा तराजू एका बाजूला झुकतो.

महाराष्ट्राला हा इतिहास नवा नाही. १९२१ मध्ये टाटांच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी १८९४ च्या कायद्याच्या बळावर घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. भूमीचे मोल केवळ रुपयांत करता येत नाही, हा त्या लढ्याचा आशय होता. पुढे नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. प्रकल्पामुळे जे मूल्य निर्माण होते, त्यात मूळ भूमिपुत्राचाही वाटा असला पाहिजे, हे मूल्यांकनाचे सूत्र त्या हुतात्म्यांनी प्रस्थापित केले. २०१४ च्या डिसेंबरअखेर काढलेल्या अध्यादेशाने २०१३ च्या कायद्यातील संमती व सामाजिक परिणाम निर्धारणाच्या अटी अनेक प्रकल्पांसाठी सैल करण्याचा प्रयत्न झाला. त्या वेळी विरोधी पक्षांप्रमाणेच भारतीय किसान संघ, भारतीय मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच यांनीही आक्षेप नोंदवले होते. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये तो अध्यादेश व्यपगत झाला. सरकार कोणाचे आहे यावर भूमीचा प्रश्न अवलंबून नसतो, याची ती सुस्पष्ट नोंद होय.

विकासाला विरोध करणे हे या साऱ्याचे तात्पर्य नाही. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. त्यासाठी थेट खरेदीची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि अनेक शेतकऱ्यांनी वाढीव दराने स्वेच्छेने जमिनी दिल्या. राष्ट्राला रस्ते हवेत, धरणे हवीत, विमानतळ हवेत. परंतु संमतीने खरेदीखत करून दिल्यावर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा मार्ग सहसा बंद होतो. म्हणूनच संमती देणाऱ्याला आपण काय देत आहोत, याचे मोल आधी कळलेले असले पाहिजे. अज्ञानातून आलेली संमती ही संमती नव्हे.

गावाने करावयाची कामे

मग सामान्य जमीनधारकाने काय करावे? पहिले काम अधिसूचना निघण्यापूर्वीचे, म्हणजे आजचेच. सातबारा वाचावा. विहीर, कूपनलिका, फळझाडे, घर, गोठा यांची नोंद आहे का, ते पाहावे. पीक पाहणी आता मोबाइलवरून करता येते. ती वेळेवर करावी. विहिरीचे मूल्य मोबदल्यात मिळवले जाते आणि तेवढीच दिलासा रक्कम त्यावरही मिळते. नोंदच नसेल, तर ती विहीर सिद्ध करण्यातच सारी शक्ती खर्च होते. संयुक्त मोजणीच्या दिवशी कामधाम सोडून शेतात हजर राहावे, पंचनामा वाचल्याविना सही करू नये आणि जमिनीची, झाडांची, बांधकामाची छायाचित्रे काढून ठेवावीत.

दुसरे काम पुरावा गोळा करण्याचे. खरेदीखतांची सूची क्रमांक दोन पाहण्याची सोय नोंदणी विभागाने उपलब्ध केली आहे. आपल्या व लगतच्या गावांतील मागील तीन वर्षांचे व्यवहार काढावेत आणि प्रत्येकाची तारीख, क्षेत्र, जमिनीचा प्रकार, रस्त्यापासूनचे अंतर यांचा तक्ता करावा. अधिकाऱ्याने जास्त भावाचे खरेदीखत वगळले असल्यास ते अशाच तक्त्यातून दिसते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा झाल्यास त्याला चार गोष्टी विचाराव्यात : कोणता हक्क धरला, कोणती तारीख धरली, कोणती खरेदीखते घेतली आणि कोणती वगळली, व का? ज्या अहवालात ही उत्तरे नाहीत, तो कितीही जाड असला तरी पुरावा म्हणून पोकळ असतो.

तिसरे काम मुदती सांभाळण्याचे. २०१३ च्या कायद्याखालील निवाडा मान्य नसेल, तर कलम ६४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागतो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे मिळतात. गैरहजर असलेल्याला नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. मोबदल्याची रक्कम स्वीकारताना ‘निषेध नोंदवून स्वीकारली’ असे लिहून देणे अत्यंत आवश्यक आहे. ते न लिहिणाऱ्याचा पुढे दाद मागण्याचा हक्कच जातो. राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात दाद लवादाकडे मागायची असते. तिथेही दिलासा रक्कम व व्याज मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मान्य केला आहे. एका वाक्याअभावी किंवा सहा आठवड्यांच्या आळसापायी आयुष्यभराचा हक्क गमावलेली कुटुंबे प्रत्येक प्रकल्पाच्या मार्गावर आढळतात.

ही कामे एकट्या-दुकट्याने करण्याची नाहीत. ग्रामसभा, विकास सोसायटी, किसान संघाच्या शाखा, ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते, तालुक्यातील वकील व अभियंते यांनी प्रकल्पाची चाहूल लागताच गावाचा तक्ता सामुदायिकरीत्या तयार केला, तर दलालांचे निम्मे राज्य संपुष्टात येईल. कारण दलाल जगतो तो भावाच्या अज्ञानावर. त्याला खरा भाव ठाऊक असतो आणि गावाला नसतो, एवढेच त्याचे भांडवल. अधिसूचनेच्या आधी कवडीमोलाने जमिनी उचलून नंतर मोबदला खाणारे जे परगावचे धनिक दिसतात, त्यांचे यशही याच अज्ञानावर उभे असते.

शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी काठीने जमिनी मोजून, त्यांची प्रत ठरवून सारा बांधला, तो रयतेला न्याय मिळावा म्हणून. मोजणी आणि प्रतवारी ही रयतेच्या हिताची साधने आहेत, ही जाणीव त्यामागे होती. आज काठीच्या जागी उपग्रहाधारित मोजणी आली, प्रतवारीच्या जागी दरतक्ते आले. परंतु जी नोंद खरी नाही, तिच्यावर उभा राहिलेला न्याय खरा असू शकत नाही, हे सत्य बदललेले नाही.

भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचे मोल लिहिताना खोटे लिहू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पुढच्या खेपेस निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून कोणी ‘आकडा जरा कमीच टाका’ असे हळूच सुचवील, तेव्हा सही करणाऱ्याने क्षणभर थांबून आपल्या शेजाऱ्याच्या शेताकडे मनोमन पाहावे. तो आकडा उद्या त्याच्याही जमिनीचा भाव ठरणार आहे.